"नुसता गलका ऐकू येतो": कोथरूडमधल्या एका हॉलची साउंड सिस्टिम

२२ सप्टेंबर २०२५ ला, घटस्थापनेच्या दिवशी, ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. कोथरूडच्या या कुटुंबानं तो मुहूर्त साधून दसऱ्याला ५५ इंची टीव्ही घेतला. चित्र झकास. पण दिवाळी येईपर्यंत घरात आवाजावरून कटकट सुरू झाली होती. सिनेमात माणसं बोलायला लागली की आवाज वाढवायचा, आणि मारामारी किंवा गाणं आलं की रिमोट शोधत पळायचं. घरातल्या कर्त्या दादांच्या आई, म्हणजे आजी, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांची तक्रार सगळ्यांत नेमकी होती: "नुसता गलका ऐकू येतो. बोलतात काय, ते कळत नाही." जुना ३२ इंची टीव्ही बरा होता, असंही त्या म्हणत होत्या, पण ते घरात कुणी मनावर घेतलं नव्हतं.

घरोघरी साउंड सिस्टिम बसवून देणं हा माझा धंदा. मला बोलावलं तेव्हा प्रश्न "कोणती सराउंड सिस्टिम घ्यावी" एवढाच होता, आणि उत्तरं प्रत्येकाकडे तयार होती. अकरावीतल्या चिरंजीवांना ७.१.४ ॲटमॉस हवं होतं, म्हणजे कानाच्या पातळीला सात स्पीकर, एक सबवूफर (फक्त खालच्या, गडगडाटी आवाजांचा स्पीकर) आणि छतात चार. दादा एका शोरूममध्ये 'हजार वॅट'चा साउंडबार ऐकून भारावून आले होते. वहिनींची अट एकच, वायर दिसता कामा नये आणि झाडताना पायात काही येता कामा नये. आणि न्यू जर्सीच्या मामांचा फोन येऊन गेला होता की तिकडे रिसीव्हर, म्हणजे सगळे स्पीकर चालवणारा डबा, स्वस्त मिळतो, डिसेंबरात घेऊन येतो. बजेट पासष्ट हजार.

मामांचा प्रस्ताव पाच मिनिटांत निकालात निघाला. तिकडचा रिसीव्हर १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. म्हणजे जाडजूड स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा टीव्ही युनिटखाली, आणि बिघडला तर इथे वॉरंटी चालत नाही. बाकीच्यांना मी सांगितलं की आधी आजींची तक्रार समजून घेऊ, स्पीकर किती ते नंतर बघू.

आजी बरोबर होत्या

जुन्या टीव्हीचे स्पीकर पडद्याखालच्या पट्टीत, समोर तोंड करून होते. नव्या टीव्हीला कडेची पट्टीच नाही. त्याचे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आणि टीव्ही युनिटच्या सनमायकावर आपटतो, मग सोफ्याकडे येतो. टीव्ही जितका पातळ तितकी स्पीकरच्या पडद्याला हलायला जागा कमी, हे आलंच.

दुसरं कारण ध्वनीच्या मिश्रणात आहे. ५.१ मध्ये मिसळलेल्या सिनेमात जवळजवळ सगळे संवाद मधल्या चॅनेलवर असतात. डाव्या-उजव्या चॅनेलवर संगीत आणि वातावरण, मागच्या दोनांवर पाऊस, गर्दी, गाड्या. टीव्हीकडे दोनच स्पीकर, मग तो हे सगळं त्या दोनांत कोंबतो आणि संवाद संगीताच्या खाली दबतात. शिवाय थिएटरसाठी मिश्रण करताना संदर्भाची पातळी ८५ डेसिबल धरलेली असते. घरी आपण पासष्ट-सत्तरच्या आसपास ऐकतो. थिएटरातली कुजबूज त्या मानानं खाली घसरली की ती आपल्या सीलिंग फॅनच्या घरघरीत जाते. यात ध्वनिमिश्रण करणाऱ्यांची चूक नाही. लॉ कॉलेज रोडवरच्या एफटीआयआयमध्ये हे काम शिकवतात, ते शांत, बंदिस्त खोलीत. आपला हॉल कुकरच्या शिट्टीपासून दहा फुटांवर.

तिसरं कारण आजींचे कान. वयानुसार वरच्या कंपनसंख्या, म्हणजे तीक्ष्ण आवाज, आधी जातात. बोलण्यातला जोर स्वरांत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत. 'साठ', 'पाठ', 'काठ' यांतला फरक मात्र पहिल्या व्यंजनात असतो, आणि स, श, फ यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा भाग बहुतेक २००० हर्ट्झच्या वर. म्हणून आवाज वाढवला की आजींना 'आठ' अधिक मोठ्यानं ऐकू येतं, पण साठ की पाठ ते कळत नाही. त्यात बेस वाढवला तर उरलंसुरलंही जातं. कानांची तपासणी करून घ्या, असं मी दादांना बाजूला घेऊन सांगितलं. त्याची जागा कोणताच स्पीकर घेत नाही.

खरेदीआधी दोन फुकटचे प्रयोग केले. पहिला टीव्हीच्या मेनूत: संवाद ठळक करणारा पर्याय आणि नाइट मोड चालू. नाइट मोड मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो. डीटीएचवरच्या मालिकांना याचा चांगला फरक पडला, सिनेमांना थोडाच.

दुसरा प्रयोग हॉलचा. मी मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली आणि मागोमाग पत्र्यावर पडल्यासारखा टणत्कार आला. जमिनीला व्हिट्रिफाइड टाइल्स, भिंती उघड्या, बाल्कनीला काचेचं सरकतं दार, मध्ये काचेचंच टीपॉय. आवाज शोषून घेणारी वस्तू म्हणजे सोफा, बस. वहिनींकडून दोन सतरंज्या आणि एक गोधडी मागितली. सतरंज्या टीव्ही आणि सोफ्याच्या मधे अंथरल्या, गोधडी सोफ्यामागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवली, आणि सिनेमाचा तोच प्रसंग त्याच आवाजात पुन्हा लावला. आजी म्हणाल्या, "हां, आता जरा माणसात आला." घरातलं कुणीतरी हसलं, पण खरेदीच्या यादीत पहिल्या ओळीवर जाड गालिचा आणि दुपदरी पडदे आले ते यामुळे. चिरंजीवांना हा सरळ सरळ अन्याय वाटला.

हॉल काय परवानगी देतो

हॉल १७ बाय ११ फूट. टीव्ही लांबीच्या भिंतीवर, समोर सोफा, दोन्हींत नऊ फुटांचं अंतर. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, कारण तो पुढे घेतला तर बाल्कनीकडे जायची वाट अडते. बसलेल्या माणसाच्या डाव्या हाताला काचेचं दार, उजवीकडे भिंतच नाही, हॉल थेट डायनिंग आणि स्वयंपाकघरात उघडतो. पुण्यातल्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये ही रचना इतकी सर्रास दिसते की मी आता टेप काढायच्या आधीच उजवीकडे बघतो.

५.१ साठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, म्हणजे आयटीयूची शिफारस अशी: पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून ३० अंशांवर, मागचे दोन १०० ते १२० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे. नऊ फुटांवर बसणाऱ्याला ३० अंश हवे तर पुढच्या दोघांत साधारण दहा फुटांचं अंतर लागतं. इथे साडेसात फुटांच्या पुढे गेलं की एक स्पीकर बाल्कनीच्या वाटेत. मागच्यांना तर मागे जागाच नाही.

छताचं काय? वर तोंड करून वाजणाऱ्या ॲटमॉस स्पीकरचा आवाज छतावर आपटून खाली यायचा असतो. त्याला सपाट, कठीण छत लागतं, साधारण साडेसात ते बारा फुटांच्या उंचीवर. उंची इथे ठीक होती, पण फॉल्स सीलिंगला चहूबाजूंनी पायरी, पायरीत एलईडीची पट्टी, आणि आवाज जिथून परतायचा नेमका तिथे पंखा. एप्रिलमध्ये तो बंद ठेवून सिनेमा बघणार कोण? छतात स्पीकर बसवायचे तर जिप्सम फोडावं लागणार होतं. वहिनींनी मान हलवली आणि तो विषय तिथेच संपला. त्यात नेटफ्लिक्सवर ॲटमॉस फक्त प्रीमियम प्लॅनमध्ये मिळतो आणि यांचा प्लॅन खालचा. चार स्पीकर आधी, मग दरमहा जास्तीचे पैसे, असं गणित होतं.

साउंडबार की सुटे स्पीकर

इथे निर्णय खरंच अटीतटीचा होता. मधला स्वतंत्र चॅनेल असलेला ३.१ साउंडबार घेतला असता तर आजींचं काम निम्म्या पैशांत झालं असतं. भाड्याचं घर असतं किंवा घरात गाणं ऐकणारं कुणी नसतं तर मी तोच घ्यायला लावला असता. स्वस्त २.१ बार मात्र या घरासाठी निरुपयोगी, कारण त्यातही संवाद डाव्या-उजव्यातच मिसळतात. डबा बदलतो, तक्रार तीच राहते.

मागचे 'वायरलेस' स्पीकर येणाऱ्या बारवर वहिनींचा डोळा होता. मी त्यांना सोफ्यामागची भिंत दाखवली. प्लग कुठे आहे? वायरलेस म्हणजे आवाजाची वायर नाही, विजेची लागतेच. सोफ्याच्या एका बाजूला प्लग होता, मोबाइल चार्जिंगचा, आणि तो सोडायला घरातलं कुणीच तयार नव्हतं. उलट, साध्या स्पीकरला रिसीव्हरपासून बारीक वायर आणली की वीज लागत नाही.

'हजार वॅट'चा हिशोब दादांसमोर कागदावर मांडला. मध्यम प्रतीचा स्पीकर एका वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देतो. नऊ फुटांवर मोकळ्या जागेत ते सुमारे ७८ होतं, खोलीत भिंतींमुळे थोडं जास्तच. म्हणजे रात्री जेवताना आपण जे ऐकतो त्याला एक वॅटसुद्धा पुरतो. आणि पाचशेचे हजार वॅट केले तर वाढ होते फक्त तीन डेसिबलची. खोक्यावरचा आकडा पीएमपीओ, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, असेल तर त्याकडे बघूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी शक्ती, किती ते विचारा.

सुट्या स्पीकरच्या बाजूनं पारडं झुकवलं ते दोन गोष्टींनी. दादांकडे शास्त्रीय गायनाच्या सीडींचा एक आख्खा कप्पा होता, धूळ खात. पुढची जोडी चांगली असेल तर तोही वाजायला लागेल. आणि साउंडबारचं सर्किट गेलं की सगळंच बंद, इथे रिसीव्हर गेला तरी स्पीकर राहतात. स्पीकर वीस वर्षं टिकलेले मी पाहिलेत, एचडीएमआयची पोर्टं नाही.

ठरलं ते असं: पाच चॅनेलचा रिसीव्हर, पण सुरुवातीला फक्त पुढचे तीन स्पीकर. मागचे दोन नंतर. सबवूफरचं काय ते प्रयोग करून.

दुकानात ऐकताना दादांना दोन गोष्टी करायला लावल्या. दुकानदार स्फोट आणि हेलिकॉप्टरचं डेमो लावतो, ते थांबवून मराठी बातम्या लावायला सांगायच्या, त्याही हळू आवाजात. आणि दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यायचा, कारण किंचित मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी चांगलाच वाटतो. त्या ऐकण्यात एक महागडी जोडी बाद झाली. तिच्यात 'स' चरचरत होता.

बसवताना

रिसीव्हर २९ हजार, पुढची जोडी १४, मधला स्पीकर ९. गालिचा आणि पडदे मिळून सहा. स्टँड, वायर आणि सुताराचे पाच. पासष्टच्या आत बसलं.

वायर तपकीर गल्लीतून आणली, मीटरवर, दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची. घेताना एक टोक ब्लेडनं खरवडून बघायचं. आत पांढरं दिसलं तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. आठ मीटर लांबीच्या जाऊन-येऊन तारेचा रोध ०.२ ओहमच्या आतच येतो, स्पीकर आठ ओहमचा. त्यामुळे मीटरला पाचशे रुपयांची वायर घेऊन कानाला काही मिळत नाही. पुढच्या स्पीकरच्या वायरी स्कर्टिंगवरून केसिंग पट्टीत घातल्या आणि पट्टीला भिंतीचाच रंग दिला. वहिनींनी वाकून पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. मी ते पसंतीचं लक्षण धरलं.

टीव्ही युनिटची खोली १४ इंच, रिसीव्हर १३. ऐकायला बसतं, पण मागे प्लग आणि वायरींना तीन इंच लागतात. सुतारानं मागचा प्लाय कापला. तो कापायचाच होता, कारण रिसीव्हर चांगलाच तापतो आणि वर-मागे हवा खेळली नाही तर उन्हाळ्यात आपोआप बंद पडतो. मधल्या स्पीकरसाठी युनिटमध्ये सुबक कप्पा होता. तिथे आत ढकलून ठेवला की बाप्ये माणसांचे आवाज माठात बोलल्यासारखे येत होते. कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला, पुढून खाली रबराची पाचर लावून तोंड सोफ्यावरच्या डोक्यांकडे उचललं, आणि माठ गेला.

जोडणी एका एचडीएमआय केबलवर, टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या पोर्टातून. टीव्हीचा आवाज त्यातून रिसीव्हरकडे जातो. दुकानात ईएआरसी, म्हणजे त्याची पुढची आवृत्ती, हवंच असं सांगितलं होतं. पण टीव्हीतल्या ॲपवरून येणारा डॉल्बी डिजिटल प्लस हा बहुचॅनेल आवाज साध्या एआरसीतून जातो, ॲटमॉससकट. ईएआरसी लागतं ते ब्लू-रेच्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावलेल्या, आवाजाला किंवा गेमिंगच्या बहुचॅनेल पीसीएमला. ऑप्टिकल केबल मात्र टाळली, कारण ती डॉल्बी डिजिटल प्लस नेत नाही. टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत पीसीएम होतं ते बदलून पासथ्रू केलं, म्हणजे टीव्ही आवाज न उलगडता जसाच्या तसा पुढे पाठवतो. ते तसंच राहिलं असतं तर रिसीव्हरला कायम दोनच चॅनेल मिळाले असते आणि पैसे कुठे गेले ते कळलं नसतं. सीईसी चालू केल्यामुळे टीव्हीच्याच रिमोटनं आवाज कमी-जास्त होतो. आजींना दुसरा रिमोट हातात घ्यावा लागला असता, तर ही सिस्टिम त्यांच्यासाठी असूनही त्यांना वापरता आली नसती.

रिसीव्हरबरोबर आलेला माइक सोफ्यावर डोक्याच्या उंचीला ठेवून मोजमाप सुरू केलं आणि तिसऱ्या स्पीकरला कुकरची शिट्टी झाली. गॅस बंद करून पहिल्यापासून. मग मधला चॅनेल मोजमापापेक्षा तीन डेसिबल वर ठेवला, आजींसाठी. डीटीएचवरच्या मालिका स्टिरिओ येतात, आणि रिसीव्हर 'स्टिरिओ'वर राहिला तर मधला स्पीकर गप्प बसतो. म्हणून त्या इनपुटला डॉल्बी सराउंडची पद्धत कायम केली, जी दोन चॅनेलमधले संवाद ओळखून मध्ये आणते. त्या संध्याकाळी मालिका बघताना आजींनी वहिनींना नेहमीसारखं "काय म्हणाले?" असं विचारलं नाही.

सबवूफर आणि खालचा मजला

चिरंजीवांचा जीव सबवूफरमध्ये होता. मी माझ्याकडचा आठ इंची सब ट्रायलला आणला. हॉल ११ फूट रुंद, म्हणजे ५० हर्ट्झच्या आसपास एक फुगवटा ठरलेला, लांबीमुळे ३३ ला दुसरा. ५० चा स्वर लावला तर शोकेसमधल्या कपबश्या किणकिणायला लागल्या आणि बाल्कनीचं दार थरथरलं. सब सोफ्यावर ठेवून आम्ही जमिनीवर रांगत जागा शोधली. जिथे बेस सगळ्यांत सरळ ऐकू येतो तिथे सब ठेवायचा, हा जुना उपाय. सोफ्याच्या उजव्या हाताशी बरं सापडलं.

मग दादा खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन उभे राहिले. तिथे दोन महिन्यांचं बाळ. वरचे संवाद खाली अजिबात येत नव्हते, पण प्रत्येक धक्का येत होता. सबच्या पायांखाली रबरी पॅड लावले. पायांतून स्लॅबमध्ये जाणारी थरथर कमी झाली, हवेतून जाणारा भाग तसाच. कमी कंपनसंख्येला पाच-सहा इंची स्लॅब फारसा अडवत नाही. नियम बघायचा तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण सोसायटीत प्रकरण नियमापर्यंत जातच नाही, त्याआधी जिन्यात बोलणं बंद होतं.

सब घेतला नाही. रिसीव्हरला 'सब नाही' सांगितलं की तो खालचा भाग पुढच्या जोडीकडे वळवतो, आणि सव्वापाच इंची वूफरनं तबल्याचा बायाँ पुरेसा भरीव वाजतो. भूकंप होत नाही. त्याच्या बदल्यात चिरंजीवांना मागचे दोन स्पीकर गुढीपाडव्याला, असा तह झाला.

पाडव्याला ते आले. डावा काचेच्या दाराशेजारच्या भिंतीच्या तुकड्यावर, कानाच्या दोन फूट वर. उजवीकडे भिंत नसल्यानं हॉल आणि डायनिंगमधल्या बीमला ब्रॅकेट लावून टांगला, तोंड सोफ्याकडे वळवून. ११० अंश जमले नाहीत, ९५ च्या आसपास आले. उजवा थोडा लांब पडतो, तेवढा उशीर रिसीव्हर बाकीच्यांना देतो. पावसाच्या प्रसंगात वहिनी एकदा बाल्कनीतले कपडे काढायला उठल्या, हे चिरंजीव येईल त्याला सांगतात.

खालचा फ्लॅट भाड्याचा आहे. भाडेकरू बदलले की सबवूफरचा विषय पुन्हा काढायचा, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय. सबची वायर मी केसिंगमध्ये आधीच टाकून ठेवली आहे, सोफ्याच्या उजव्या हातापर्यंत.